चेहऱ्याला कोणतें फेशियल मानवेल?

लातूरच्या गंजगोलाईंतून किंवा नांदेडच्या वजिराबादेंतून चैत्र-वैशाखांत फेरफटका मारला म्हणजे लग्नसराईची गर्दी केवळ कापडाच्या आणि सराफांच्या दुकानांतच दिसते असें नाहीं. गल्लीच्या तोंडाशीं, माडीवर, पडदा लावलेल्या लहानशा खोलींत चालणारीं ब्यूटी पार्लरेंहि तितकींच गजबजलेलीं असतात. नवरी मुलगी, तिची आई, आत्या, मावशी आणि एखादी करवली अशा चार-पांच जणी एकदम आंत शिरतात. समोरच्या भिंतीवर दरपत्रक टांगलेलें असतें. फ्रूट, पर्ल, गोल्ड, डायमंड, ऑक्सिजन, हायड्रा, डी-टॅन अशीं नांवें एकाखालीं एक आणि त्यांच्यापुढें चढत जाणारे आंकडे. पार्लरवाल्या ताई विचारतात, "काकू, कोणतें करायचें?" आणि काकू दरपत्रकाकडे पाहूं लागतात. वास्तविक त्यांनीं त्या वेळीं मुलीच्या चेहऱ्याकडे पाहावयास हवें.

लग्नासारख्या प्रसंगीं हात आंखडता घ्यावयाचा नाहीं ही वृत्ति समजण्यासारखी आहे. साडी महाग घेतली तर निदान ती टिकते, दागिना महाग घेतला तर तो मोडतां येतो. त्वचेच्या बाबतींत मात्र महाग तें हितकर हें समीकरण मांडतां येत नाहीं. पुष्कळदां तें उलटच मांडावें लागतें. ज्या घरीं लग्नाच्या आदल्या दिवशीं मुलीचे गाल लाल होऊन सुजले आणि छायाचित्रकारासमोर आईला रडूं आवरावें लागलें, त्या घराला हें वेगळें सांगण्याची गरज नाहीं.

प्रथम फेशियल म्हणजे काय तें पाहूं. नांवें कितीहि असलीं तरी कृति बहुतेक एकच असते. तोंड स्वच्छ करावयाचें, बारीक रवाळ पदार्थानें घासून वरचा मृत थर काढावयाचा, वाफ द्यावयाची, नाकावरचे काळे कण काढावयाचे, क्रीम लावून मर्दन करावयाचें आणि शेवटीं लेप द्यावयाचा. फळें, मोतीं, सोनें हा भेद बहुधा मर्दनाच्या क्रीममध्यें आणि शेवटच्या लेपांत असतो. मर्दनानें रक्ताभिसरण वाढतें, मृत थर निघाल्यानें पृष्ठभाग गुळगुळीत होऊन प्रकाश नीट परावर्तित करूं लागतो, लेपामुळें वरच्या थरांत कांहीं काळ ओलावा टिकतो. दोन-चार दिवस चेहऱ्यावर जें तेज दिसतें तें या तीन गोष्टींचें. याखेरीज दिवसभर राबणाऱ्या गृहिणीला डोळे मिटून तासभर पडावयास मिळतें, हा लाभहि लहान समजूं नये. परंतु फेशियलचें देणें येथेंच संपतें. त्यानें रंग बदलत नाहीं, डाग मुळापासून जात नाहींत, आणि सोन्याचा वर्ख त्वचेंत मुरून कांति सुवर्णासारखी होत नाहीं. सोनें अंगावर घालावयाचें असतें. चेहऱ्यावर चोळलेलें सोनें शेवटीं बेसिनमध्येंच जातें. कांहीं जणींना तर सोन्याचीच ॲलर्जी असते.

त्वचेचा सर्वांत वरचा पापुद्रा साधारणपणें महिनाभरांत नवा होत असतो. खालीं तयार झालेल्या पेशी हळूहळू वर येतात, सुकतात आणि गळून पडतात. हें काम निसर्ग फुकट करतो. फेशियल त्याला थोडा हातभार लावतें. हातभार सौम्य असला तर ठीक. घाई करून तोच थर ओरबाडला तर खालची अपक्व त्वचा उघडी पडते आणि मग आग, खाज, लाली सुरू होते.

आतां आपली त्वचा कोणत्या जातीची हें ओळखण्याची एक घरगुती रीति आहे. सकाळीं सौम्य फेसवॉशनें तोंड धुवून, हलकेंच टिपून, कांहींहि न लावतां तासभर बसावें. मग आरशांत पाहावें आणि पातळ टिपकागद कपाळ, नाक, गाल, हनुवटी यांवर दाबून पाहावा. सर्वत्र तेलाचे ठसे उमटले तर त्वचा तेलकट. फक्त कपाळ, नाक आणि हनुवटी चमकली तर मिश्र. ठसा कोठेंच नाहीं आणि हंसतांना गाल ताणल्यासारखे वाटतात, तर कोरडी. आणि नुसत्या धुण्यानेंच तोंड चुरचुरलें, लालसर झालें, तर ती संवेदनशील. ही परीक्षा वर्षांतून एकदां करून भागत नाहीं. मराठवाड्यांत मे महिन्यांत पारा ४२ अंशांच्या पुढें जातो, तेव्हां घामानें आणि तेलानें चिकट झालेला चेहरा डिसेंबरच्या कोरड्या वाऱ्यांत कोंडा सुटल्यासारखा होतो. उन्हाळ्यांत मानवलेलें फेशियल हिंवाळ्यांत मानवेलच असें नाहीं.

या परीक्षेंत आपल्याकडे आणखी एक गोम आहे, आणि ती पाण्याची. लातूर शहरानें २०१६ सालचा उन्हाळा कसा काढला हें सर्वांना ठाऊक आहे. मांजरा धरण आटलें, आणि त्या वर्षीं १२ एप्रिल रोजीं मिरजेहून ५ लाख लिटर पाणी घेऊन पहिली आगगाडी लातूरला आली. टंचाईच्या काळांत टँकर आणि खोल कूपनलिका यांच्यावरच घरें चालतात. नांदेडला विष्णुपुरीचें गोदावरीचें पाणी आहे खरें, पण वाढत्या वस्त्यांतून तेथेंहि कूपनलिकेचें पाणी वापरणारीं घरें थोडीं नाहींत. खोल जमिनींतल्या पाण्यांत कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांचे क्षार अधिक असतात. बादलीच्या कांठावर आणि नळाच्या तोंडावर पांढरें पुट बसतें तें याचेंच. अशा जड पाण्यांत साबणाचा फेंस होत नाहीं. साबण आणि क्षार यांचा एक चिकट साका तयार होतो. तो कपड्यांवर राहतो तसा चेहऱ्यावरहि राहतो.

त्यांत आणखी भर अशी कीं, निरोगी त्वचेचा पृष्ठभाग किंचित् आम्ल असतो. रसायनशास्त्राच्या मापानें त्याचा पीएच सुमारें ५ असतो, तर अंगाच्या साध्या साबणाचा ९ ते १०. दिवसांतून तीन-चार वेळां साबण आणि जड पाणी यांनीं तोंड धुतलें म्हणजे त्वचेवरचें स्वाभाविक तैलावरण विरघळतें आणि ओलावा उडूं लागतो. मग बाई समजते कीं आपली त्वचाच मुळांत कोरडी. कित्येकदां त्वचा तेलकट असूनहि तहानलेली असते. वरून तेल आणि आंतून ओढ अशी ती अवस्था होते. अशा वेळीं हजाराचें फेशियल करण्याआधीं पंधरा दिवस एक साधा प्रयोग करून पाहावा. चेहऱ्याला साबणाऐवजीं साबणविरहित सौम्य द्रव वापरावा, तोंड दोन वेळांच धुवावें, शेवटचा एक तांब्या पिण्याच्या गाळलेल्या पाण्याचा घ्यावा आणि तोंड ओलें असतांनाच साधें मॉइश्चरायझर लावावें. पुष्कळ जणींची फेशियलची निकड एवढ्यानेंच निम्मी होते.

यापुढचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा, आणि दरपत्रकावर तो कोठेंच लिहिलेला नसतो. आपल्या लोकांच्या सावळ्या-गव्हाळ त्वचेचा एक विशेष धर्म आहे. युरोपीय गोऱ्या त्वचेला इजा झाली तर ती लाल होते आणि बरी होते. आपली त्वचा बरी होतांना मागें काळा डाग ठेवते. मुरुम फोडला तर डाग, फोडणीचें तेल उडालें तर डाग, थ्रेडिंगचा दोरा लागला तर डाग, ब्लीचनें भाजलें तर डाग. दाह झाला कीं त्वचेंतील रंगपेशी जादा रंगद्रव्य ओततात, आणि तो डाग जावयास कित्येक महिने लागतात. कधीं वर्षहि लागतें. म्हणून चेहरा उजळावा या हेतूनें जो उपाय त्वचेला दुखावतो, तोच आपल्याकडे चेहरा काळवंडून ठेवतो. परदेशी मासिकांत वाचलेला किंवा मोबाइलवर पाहिलेला उपाय येथें उलटतो तो याच कारणानें. या त्वचेला जितकें सौम्य तितकें चांगलें, ही कसोटी हातीं धरली म्हणजे निवड सोपी होते.

कोरड्या त्वचेला वाफ आणि घासणें कमी, मर्दन आणि ओलावा अधिक, असें फेशियल मागावें. मध, कोरफड, दुधाची साय किंवा ग्लिसरीन असलेला लेप चालतो. मुलतानी माती मात्र टाळावी, कारण ती उरलेलें तेलहि शोषून घेते. तीच माती तेलकट त्वचेला मानवते, तथापि तीहि पूर्ण वाळून तडे जाईपर्यंत ठेवूं नये. तेलकट त्वचेला भरपूर क्रीमचें मर्दन नको. नुसतें क्लीन-अप पुरे. मिश्र त्वचेला कपाळ-नाकावर एक आणि गालांवर दुसरा असा वेगवेगळा लेप लावण्यास सांगितलें तर चांगली पार्लरवाली बाई तसें हंसतमुखानें करते. संवेदनशील त्वचेला सुवास, रंग आणि नवीन नांवें यांपासून दूर ठेवावें. फ्रूट फेशियल ऐकण्यास निरुपद्रवी वाटतें, पण फळांतील आम्लें नाजूक त्वचेला बोंचतात. लिंबू तर घरींहि चेहऱ्यावर चोळूं नये. तें फार आम्ल असतें, शिवाय तें लावून उन्हांत गेल्यास चट्टे उठूं शकतात. खाण्याच्या सोड्याचा दोष नेमका विरुद्ध बाजूचा, पण परिणाम तोच. आजीच्या उटण्यांत मसुरीचें पीठ, दूध, चिमूटभर हळद असे; तें सौम्य होतें आणि मुख्य म्हणजे दिवाळीपुरतें होतें.

डी-टॅन आणि ब्लीच यांविषयीं थोडें अधिक सांगणें प्राप्त आहे, कारण उन्हाळ्यांत याच दोघांची मागणी सर्वाधिक. दुचाकीवरून क्लासला जाणाऱ्या मुलींचे हात आणि कपाळ उन्हानें रापतात. हें रापणें म्हणजे मळ नव्हे. उन्हाचा मारा खालच्या पेशींपर्यंत पोंचूं नये म्हणून त्वचेनें धरलेली ती छत्री आहे. ब्लीचमध्यें हायड्रोजन पेरॉक्साइड आणि बहुधा अमोनिया असतो. त्यानें चेहऱ्यावरची बारीक लव भुरी होते, म्हणून चेहरा उजळ भासतो. छत्री काढून घेऊन मुलीला पुन्हां त्याच उन्हांत पाठविलें तर त्वचा अधिकच रापते. त्यापेक्षां एसपीएफ ३० किंवा त्याहून अधिक मापाचें सनस्क्रीन बाहेर पडण्यापूर्वीं लावावें. चेहरा आणि मान यांसाठीं दोन बोटांच्या लांबीइतकें लागतें, चिमूटभर पुरत नाहीं. उन्हांत राहणें झालें तर दोन-तीन तासांनीं तें पुन्हां लावावें आणि वरून स्कार्फ बांधावा. महिना-दोन महिन्यांत राप आपोआप उतरूं लागतो.

कांहीं चेहरे मात्र असे असतात कीं, त्यांनीं पार्लरची पायरी चढण्यापूर्वीं डॉक्टरांची चढावी. पहिला चेहरा मुरुमांचा. लातूरला आणि नांदेडला वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या तयारीसाठीं बाहेरगांवाहून आलेलीं हजारों मुलें-मुली खोल्या घेऊन राहतात, आणि त्यांचें वय नेमकें तारुण्यपीटिकांचें असतें. जागरण, मेसचें जेवण आणि परीक्षेची धास्ती यांवर खापर फोडलें जातें. मूळ कारण मात्र त्या वयांतील संप्रेरकें आणि तेलग्रंथींची वाढलेली कामगिरी हें आहे. पुवाळलेल्या मुरुमांवर वाफ, घासणी आणि मर्दन म्हणजे निखाऱ्यावर फुंकर. ते फुटतात, पसरतात आणि कायमचे खड्डे ठेवतात. यावर बेन्झॉइल पेरॉक्साइड, अडॅपलीन यांसारखीं औषधें आहेत. तीं डॉक्टरांच्या सल्ल्यानें लावावीं आणि निदान सहा ते आठ आठवडे धीर धरावा. खासगी दवाखान्याचा खर्च झेपत नसेल तर नांदेडला विष्णुपुरी येथें डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आहे. त्यांच्या बाह्यरुग्ण विभागांत त्वचेची तपासणी करून घेतां येते.

दुसरा चेहरा वांगाचा. गरोदरपणांत किंवा त्यानंतर गालांवर, नाकाच्या दोन्ही बाजूंस जे तपकिरी पट्टे उमटतात ते ऊन आणि उष्णता यांनीं वाढतात. गरम वाफ आणि ब्लीच त्यांना खतपाणी घालतात. आणि तिसरी तक्रार चेहऱ्याची नसून मानेची आहे. मानेच्या मागें, काखेंत मखमलीसारखा जाड काळेपणा आला कीं आई मुलीला म्हणते, "अगं, नीट घासून आंघोळ कर." पार्लरमध्येंहि ती मान घासली जाते. पण तो मळ नसतोच. शरीरांत इन्सुलिनचें काम नीट चालत नसल्याची ती बहुधा खूण असते आणि वजन वाढलेल्या, पुढें मधुमेह होण्याचा संभव असलेल्या मुलामुलींत ती आढळते. त्या बरोबर पाळी अनियमित असेल आणि हनुवटीवर राठ केंस येत असतील तर रक्ततपासणी आधीं, फेशियल मागाहून.

आतां त्या डबीकडे वळूं, जी फेशियल झाल्यावर हळूच हातांत ठेवली जाते. "काकू, ही नाईट क्रीम रोज रात्रीं लावा, महिन्यांत फरक दिसेल." डबीवर कधीं नुसती चिठ्ठी असते, कधीं तीहि नसते. फरक खरोखर दिसतो, आणि तोच घातक ठरतो. अशा क्रीममध्यें पुष्कळदां बीटामेथासोन, क्लोबीटासोल यांसारखें स्टेरॉइड असतें. आरंभीं चेहरा गोरा आणि तुकतुकीत होतो. कांहीं महिन्यांनीं त्वचा पातळ पडते, गालांवर लाल शिरा दिसूं लागतात, बारीक पुळ्या आणि लव येते, आणि क्रीम बंद करतांच आग भडकते, म्हणून बाई पुन्हां तीच डबी उघडते. त्वचारोगतज्ज्ञांकडे असे चेहरे इतके येऊं लागले कीं, २०१८ च्या मार्चमध्यें केंद्र सरकारनें १४ स्टेरॉइडयुक्त मलमें डॉक्टरांच्या चिठ्ठीवांचून विकण्यास मनाई केली. मनाई कागदावर आली; डबी मात्र अजून गल्लीगल्लींत फिरते.

दुसरा धोका पाऱ्याचा. पारा रंगद्रव्य बनण्याची क्रिया अडवितो, म्हणून स्वस्तांत गोरेपणा देणाऱ्या क्रीममध्यें तो मिसळला जातो. तो त्वचेंतून रक्तांत जातो आणि मूत्रपिंडांत सांठतो. भारतांतील नियमाप्रमाणें सौंदर्यप्रसाधनांत पारा घालतांच येत नाहीं. डोळ्यांसाठीं असलेलीं प्रसाधनें वगळतां, अनवधानानें राहिलेला अंशहि दहा लाख भागांत १ भागाहून अधिक असूं नये असें बंधन आहे. तरी अकोल्यांत काय घडलें तें २०२३ च्या जानेवारींत वृत्तपत्रांतून आलें. एका घरांतील तरुण विद्यार्थिनी, तिची आई आणि बहीण अशा तिघींनीं एकच क्रीम वापरलें, आणि तिघींच्या मूत्रपिंडांना विकार जडला. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत त्याचा शोध घेतला गेला तेव्हां क्रीममधील पारा उघडकीस आला. केरळांत कोट्टक्कल येथील डॉक्टरांनींहि जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळांत मूत्रपिंडाच्या एका विकाराचे २२ रुग्ण अभ्यासले. त्यांपैकीं १५ जणांत त्या विकाराचा एक विशिष्ट प्रकार सांपडला, आणि त्या १५ पैकीं १३ जण रंग उजळण्याचें क्रीम लावीत होते. क्रीम बंद केल्यावर बहुतेकांची प्रकृति सुधारली. म्हणून ज्या डबीवर उत्पादकाचें नांव, पत्ता, परवाना क्रमांक, घटक आणि मुदत छापलेली नाहीं ती घरांत येऊं देऊं नये. ज्यांच्या घरांत अशी डबी आधींच चालू आहे त्यांनीं ती घेऊनच डॉक्टरांकडे जावें आणि लघवीची तपासणी करून घ्यावी. फार दिवसांचें स्टेरॉइड कसें सोडावयाचें हेंहि डॉक्टरांनाच विचारावें.

एवढा जीव धोक्यांत घालण्याइतकी गोरेपणाची ओढ कोठून येते, हा प्रश्न पार्लरवाल्या बाईला विचारून उपयोग नाहीं. तो मुलगी पाहावयास येणाऱ्या मंडळींना आणि स्थळाच्या माहितीपत्रकांत रंगाचा रकाना भरणाऱ्या घरांना विचारला पाहिजे. १९७५ सालीं बाजारांत आलेल्या एका प्रसिद्ध क्रीमच्या कंपनीनें २०२० सालीं त्याच्या नांवांतला गोरेपणाचा शब्द काढून टाकला. माहितीपत्रकांतला रकाना मात्र अद्याप जागच्या जागीं आहे.

यंत्रांचीं आणि सुयांचीं फेशियलें हा अलीकडचा प्रकार. हायड्रा फेशियलमध्यें यंत्रानें द्रव सोडून तो मळासह ओढून घेतात. ओढ मंद ठेवली आणि टोंक प्रत्येक वेळीं नवें वापरलें तर तेलकट, काळे कण असलेल्या त्वचेला तें बरें पडतें. केमिकल पील मात्र आम्लाचें काम आहे. आम्लाचें प्रमाण आणि तें ठेवण्याचीं मिनिटें यांत जराशी चूक झाली कीं आपली सावळी त्वचा डागाळते, म्हणून तें त्वचारोगतज्ज्ञाच्याच हातून व्हावें. सुया टोंचून स्वतःचें रक्तघटक चेहऱ्यावर सोडण्याच्या प्रकाराला तर पार्लरमध्यें स्पष्ट नकार द्यावा. अमेरिकेंत न्यू मेक्सिको राज्यांतील एका विनापरवाना स्पामध्यें असें फेशियल केलेल्या तीन स्त्रियांना त्यांतूनच एचआयव्हीची लागण झाली असावी, असा निष्कर्ष तेथील सरकारी आरोग्ययंत्रणेनें एप्रिल २०२४ मध्यें प्रसिद्ध केला. साध्या फेशियलमध्येंहि काळे कण काढण्याची सुई रक्त काढते, हें विसरूं नये. ती निर्जंतुक केलेली अथवा नवी असावी, पंचा धुतलेला असावा, आणि क्रीम बरणींत बोटें बुडवून न घेतां चमच्यानें घ्यावें. नवरदेवांनींहि केशकर्तनालयांत मसाज करवून घेतांना एवढें पाहावें. एकाच ओल्या टॉवेलानें चार चेहरे पुसल्यावर नायट्याला आमंत्रण वेगळें द्यावें लागत नाहीं.

राहतां राहिला लग्नाचा हिशेब. नवीन फेशियलचा पहिला प्रयोग लग्नापूर्वीं सहा ते आठ आठवडे करावा. त्याआधीं क्रीम कानामागें किंवा कोपराच्या आंतल्या बाजूस लावून दोन दिवस पाहावें. सर्व कांहीं ठीक गेलें तर महिन्याच्या अंतरानें तेंच पुन्हां करावें आणि शेवटचें, तेंहि सौम्य, लग्नाआधीं पांच-सात दिवस उरकावें. आदल्या दिवशीं कांहीं नाहीं. याला आपल्याकडे एक खास कारण आहे, तें म्हणजे हळद. नांदेडच्या शेजारची वसमतची हळद नामांकित. पण बाजारांतल्या सुट्या पुडींत कधीं रंगाची भेसळ असते. सकाळीं फेशियल, ब्लीच आणि वॅक्सिंग करून त्वचेचें आवरण विरळ करावयाचें आणि संध्याकाळीं त्याच उघड्या त्वचेवर चार सुवासिनींनीं हळद चोळावयाची, मग चुरचुर झाली तर दोष कोणाचा? हळकुंडें घरीं दळून आणावीं, आणि हळद व फेशियल यांत निदान चार दिवसांचें अंतर ठेवावें. मुरुमांसाठीं रात्रीं रेटिनॉइडचें मलम लावणाऱ्या मुलींनीं फेशियल आणि वॅक्सिंगपूर्वीं आठवडाभर तें डॉक्टरांना विचारून थांबवावें. त्याच जातीच्या गोळ्या पोटांत घेणाऱ्यांनीं तर विचारल्यावांचून वॅक्सिंगहि करवूं नये.

मग लग्नाच्या दोन महिने आधीं काकू आणि त्यांची मुलगी पार्लरमध्यें गेल्या म्हणजे दरपत्रकाआधीं ताईंना सांगावें, "हिची त्वचा मिश्र आहे, गालावर डाग लवकर पडतात, रात्रीं अमुक मलम लावते, यापूर्वीं ब्लीचनें आग झाली होती." आयटीआयमधून शिकून आलेली किंवा अनुभवानें तयार झालेली जाणती बाई हें ऐकून स्वतःच म्हणेल, "मग ताई, हिला साधें क्लीन-अपच करूं." असें सांगून जिनें आपली मिळकत कमी करून घेतली, तिचें पार्लर धरून ठेवावें. फेशियल चालू असतां आग होऊं लागली तर संकोच न करतां तेथेंच थांबवावें आणि थंड पाण्यानें तोंड धुवावें. त्या दिवशीं ऊन, चुलीची धग आणि नवें प्रसाधन टाळावें, साधें मॉइश्चरायझर लावावें. लाली दुसऱ्या दिवशींहि उतरली नाहीं किंवा पाण्याचे फोड आले तर डॉक्टर गांठावेत. आणि डोळे-ओंठ सुजून श्वास जड वाटूं लागला तर रिक्षा थेट रुग्णालयाकडे वळवावी.